पास्कल तुस्कानोचं हरवलं-सापडलं

वसईच्या होळी भागात कुणाचा कॉम्प्युटर अडला, की लोक दुकानात जात नाहीत, पास्कल तुस्कानोच्या वाडीत जातात. दुकानदार नवीन घ्या म्हणतो. पास्कल आधी हात धुतो, कारण तो बहुतेक वेळा केळीच्या बुडाला माती लावत असतो. मग चष्मा पुसतो, मशीनचं झाकण काढून आत फुंकर मारतो आणि म्हणतो, याला काही झालेलं नाही, याच्यावर लिनक्स टाकू. माणूस सर्दी झाली म्हणून डॉक्टरकडे जावा आणि डॉक्टरनं त्याचं नाव-गावच बदलून त्याला घरी पाठवावं, तसला हा प्रकार. पण मशीन चालू लागतं, हे कबूल केलं पाहिजे.

लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी एक फुकट मिळणारी प्रणाली. जुन्या, थकलेल्या मशीनवरसुद्धा ती गुमान चालते. फोर्टातल्या एका विमा कंपनीच्या कॉम्प्युटर खात्यात पास्कलनं एकतीस वर्षं काढली, तिथं ती त्याला भेटली आणि मग ती काही सुटली नाही. निवृत्त झाल्यावर सकाळी वाडी आणि दुपारी लिनक्स असा त्याचा दिवस ठरला. या कामाचे तो पैसे घेत नाही. लोक सुके बोंबील आणून देतात, घरचं व्हिनेगर आणून देतात, आणि वर त्याचं प्रवचन ऐकून घेतात.

प्रवचन एकच असतं. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती ठेवा. एक मशीनमध्ये, एक मशीनच्या बाहेर आणि एक दुसऱ्याच्या घरी. शेजारचा जेन्सन म्हणतो, रविवारी चर्चमध्ये फादर यापेक्षा कमी बोलतात. पास्कलनं जेन्सनलाच तीन वेळा धारेवर धरून त्याच्या लग्नाच्या फोटोंच्या तीन प्रती करून घेतल्या होत्या.

आणि हे प्रवचनकार स्वतःच्या घरी किती प्रती ठेवत होते? एक. तीही मशीनमध्येच. उद्या करू, उद्या करू म्हणत दोन वर्षं गेली. बाकी आम्ही तरी काय वेगळं करतो म्हणा.

आता पास्कलच्या घरातलं दुसरं महत्त्वाचं माणूस सांगतो, म्हणजे पहिलंच. त्याची बायको रोवेना. प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिका होती, त्यामुळे अख्खं गाव तिला अजून रोवेना टीचर म्हणतं. पास्कल एरवी नावानं हाक मारतो, पण काही चुकलं असलं की त्याच्याही तोंडून टीचरच निघतं. घरात दोघं गावच्या बोलीत बोलतात. ती तुम्हाला कळायला जड जाईल म्हणून मी आपलं सरळ मराठीत सांगतोय.

या घरात संध्याकाळी सात वाजता रोझरी होते. चर्चची सातची घंटा पडली की भिंतीवरच्या आल्तारासमोर, म्हणजे घरच्या देव्हाऱ्यासमोर, दोघांनी गुडघे टेकायचे, हातात मण्यांची माळ घ्यायची आणि पवित्र मारियेची प्रार्थना म्हणायची. अर्धी टीचर म्हणते, अर्धी पास्कल. वीस-बावीस मिनिटांचं काम. शनिवारी लितानी, म्हणजे मारियेच्या नावांची लांबलचक विनवणीही असते, मग अर्धा तास. टीचरचा नियम शाळेतलाच आहे. प्रार्थनेच्या वेळी दुसरा आवाज नको आणि दुसरा उजेड नको. टीव्ही बंद, पंखा बंद, फोन उशीखाली, आल्तारावरचा दिवा तेवढा चालू. पास्कल डोळे मिटून बसतो. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, रोझरीत त्यानं डोळे उघडलेले नाहीत. थोडी भक्ती आणि थोडी डुलकी, असं जेन्सन म्हणतो.

पावसाळा संपला तेव्हा पास्कलच्या मुलीचं, शर्लीचं लग्न ठरलं. शर्ली अंधेरीला एका ऑफिसात नोकरी करते, तिला खरेदीला वेळ नाही, म्हणून सगळे खोके घरी येऊ लागले. ते ठेवायला आतली खोली रिकामी केली आणि कॉम्प्युटर हॉलमध्ये आला. इथून सगळं रामायण सुरू झालं.

कॉम्प्युटरला यूपीएस जोडलेला होता. वीज गेली तरी मशीनला थोडा वेळ जिवंत ठेवणारी बॅटरीची पेटी ती. हॉलमध्ये आल्यापासून ही पेटी रोज रोझरी सुरू झाली की पीं पीं करू लागली. टीचर दर पीं ला थांबायची, आल्ताराकडे बघत एक श्वास घ्यायची, मग पुढचा मणी. असं चार दिवस झालं. त्या थांबण्याचा अर्थ पास्कलला चांगला कळत होता. बॅटरी म्हातारी झाली, कुरकुरते, असं ठरवून त्यानं पेटी काढली आणि माळ्यावर टाकून दिली. म्हातारी बरोब्बर सातलाच का कुरकुरते, हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

त्यानं आणखी दोन शहाणपणं आधीच करून ठेवली होती. वीज जाऊन परत आली की मशीननं आपणहून चालू व्हावं, अशी एक व्यवस्था. आणि दुसरं जरा वाईट. लिनक्स डिस्कवर काही मांडण्याआधी एका वहीत टिपून ठेवतो, म्हणजे मध्येच वीज गेली तर वही बघून सावरता येतं. पास्कलची डिस्क जुनी आणि मंद, म्हणून वेग वाढवायला त्यानं ही वहीच बंद करून टाकली होती. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर पास्कलनं त्याला वाडीतून हाकलला असता.

एवढं सगळं होऊनही तीन महिने मशीन बिनबोभाट चाललं. किरकोळ डागडुजी ते सुरू होताना आपली आपण करून घेत होतं, आणि पास्कलला त्याचा पत्ता नव्हता.

आता त्या मशीनमध्ये काय होतं ते ऐका. रोवेनाची आई कार्मिन ही गाणारी बाई होती. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरीच्या मांडवात बायका गावच्या बोलीत गाणी म्हणतात. एकजण पुढे म्हणते, बाकीच्या तिच्या मागून. पुढे म्हणायला सगळीकडून कार्मिनला बोलावणं यायचं. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात पास्कलनं सासूला ओटीवर बसवून एकेचाळीस गाणी फोनवर टिपून घेतली आणि मशीनमध्ये उतरवून फोन मोकळा केला. शेवटच्या दिवशी कार्मिननं विचारलं, शर्लीचं लग्न कधी. अजून काही नाही, असं पास्कल म्हणाला. मग ती म्हणाली, तर मग आजच म्हणून ठेवते. नातीला सासरी धाडताना आजीनं म्हणायचं गाणं तिनं म्हटलं, आणि शेवटच्या कडव्यात, जिथं नवरीचं नाव येतं, तिथं शर्लीचं नाव घातलं. त्याच वर्षी ख्रिसमसच्या आधी ती गेली.

रोवेनानं त्यानंतर ती गाणी एकदाही ऐकली नव्हती. ऐकवत नव्हती तिला. पण लग्न जानेवारीच्या शेवटच्या रविवारी, शनिवारी संध्याकाळी मांडवातली गाणी, आणि पुढे म्हणणारी बाई आता गावात उरलेली नाही. तेव्हा जानेवारीच्या सुरुवातीचा तीन राजांचा सण झाला आणि तिनं पास्कलला सांगितलं, की आईची गाणी काढा. मी ऐकून बसवते, जी येणार नाहीत ती मशीनवर लावू. आणि शर्लीचं गाणं आईनंच म्हटलेलं लावायचं, ते दुसऱ्या कुणी म्हणायचं नाही.

पास्कल खूश झाला. त्याच्या मशीनकडे बायकोनं मागितलेली ही पहिली गोष्ट. मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला त्यानं एकेचाळीस गाणी मांडववाल्याच्या यंत्रावर वाजतील अशा स्वरूपात बदलायला लावली. जुनी फाइल काढायची आणि तिच्या जागी नवी ठेवायची, असा हुकूम देऊन. प्रत न काढता, बरं का. काम आत चालू राहील अशा भरवशावर त्यानं स्क्रीन मिटली आणि घंटा पडली तसे गुडघे टेकले.

जेवण झाल्यावर येऊन बघतो तर काळी स्क्रीन आणि पांढरी अक्षरं. डिस्कवरच्या नोंदी विसकटल्या आहेत, हातानं तपासा, असा निरोप. पास्कलला आधी गंमतच वाटली. दुसऱ्यांची अशी तीस-पस्तीस मशीनं त्यानं उठवली होती. पेन ड्राइव्ह लावून त्यानं मशीन त्यावरून चालू केलं आणि दुरुस्तीचा हुकूम सोडला. मशीन एकेक प्रश्न विचारू लागलं. ही नोंद जुळत नाही, नीट करू? हा तुकडा कुणाचा ते कळत नाही, बाजूला ठेवू? पहिले वीस प्रश्न त्यानं चष्मा सावरून वाचले. पन्नासाव्याला वाचणं सोडलं. मग एकदाच सांगून टाकलं, की सगळ्याला हो समज. आधी आजारी डिस्कची हुबेहूब प्रत काढायची आणि औषधपाणी प्रतीवर करायचं, मूळ डिस्कला हात लावायचा नाही, हे तो गावाला बजावत आला होता. पण घाई झाली की माणूस आपलं प्रवचन विसरतो.

मशीन उठलं. 'गाणी' नावाचा फोल्डर होता. आत काही नव्हतं.

पास्कलनं फोल्डर मिटून पुन्हा उघडला. रोवेना मागे येऊन उभी होती, ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं रिकाम्या स्क्रीनकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "आईचा आवाज आहे तो. माझ्याकडे दुसरा नाही."

मग तिनं आल्ताराशी जाऊन संत अंतोनला मेणबत्ती लावली. हरवलेली वस्तू शोधून देणारा संत तो, आमच्याकडे चष्म्यापासून गाईपर्यंत सगळं त्याच्याकडे सोपवतात. पास्कलला हे जरा लागलं. घरात एकतीस वर्षं अनुभव असलेला माणूस असताना थेट वर अर्ज.

बुधवारी मात्र तो शुद्धीवर आला. मूळ डिस्कवर आता अक्षरही लिहायचं नाही, असा त्यानं कानाला खडा लावला. जेन्सनची मोठी डिस्क मागून आणली, पेन ड्राइव्हवरून मशीन चालू केलं आणि दुपारी बारा वाजता हुबेहूब प्रत काढायला घेतली. जुनी डिस्क रडत-रखडत चालायची, नऊ तास लागणार होते. रोझरी झाली, जेवण झालं, आणि बघतो तर मशीन पुन्हा पहिल्यापासून उभं आणि प्रत अर्धवट तुटलेली. गुरुवारी परत तेच. दोन दिवस हातचे गेले.

आता त्याच्यातला जुना नोकरदार जागा झाला. डिस्क मेली असती तर वाटेल त्या वेळी मेली असती, हे तर वेळ बघून मरतंय. म्हणजे वीज. तो जेन्सनकडे गेला आणि संध्याकाळी वीज जाते का म्हणून विचारलं. जेन्सननं मायक्रोवेव्हवरचं घड्याळ दाखवलं. वीज क्षणभर गेली तरी ते शून्यावर येऊन लुकलुकायला लागतं, आणि ते महिनाभर नीट चाललं होतं. मग पास्कलनं उंदरांवर संशय घेतला आणि कपाट सरकवून वायर तपासली. वायर धड होती, कपाटामागे शर्लीचा दहावीचा हरवलेला कंपास सापडला. संत अंतोन कामाला लागला होता, पण फाइल चुकीची उघडली होती.

शेवटी त्यानं मशीनचं रोजनाम्याचं पान उघडलं. लिनक्स आपण केव्हा उठलो, केव्हा झोपलो, सगळं लिहून ठेवतो, आणि ही नोंद शाबूत होती. ती पास्कलनं दोनदा वाचली. ऑक्टोबरपासून रोज संध्याकाळी सातच्या ठोक्याला मशीन धाडकन मेलेलं होतं आणि सात बावीसला पुन्हा जिवंत झालेलं होतं. शनिवारी मात्र साडेसातला. नोव्हेंबरातल्या एका रविवारी मेलंच नव्हतं. त्या रविवारी दोघं नंदाखालला एका बाप्तिस्म्याला गेलेली होती.

तुम्हाला कळलंच असेल. पास्कलला नाही कळलं. शनिवार ओळखणारा बिघाड त्यानं उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. विचार करकरून त्यानं शोध लावला, की सातला गावात एकच गोष्ट घडते, चर्चची घंटा. घंटेला मोटर बसवली असणार, ती वीज ओढत असणार, आणि त्या झटक्यानं आपलं मशीन पडत असणार. तो तडक घंटा वाजवणाऱ्या सॅन्टनकडे गेला आणि मोटर किती ताकदीची म्हणून विचारलं. सॅन्टनला भयंकर राग आला. त्यानं दोन्ही तळहात पुढे केले आणि दोराचे घट्टे दाखवले. चाळीस वर्षं ओढतोय, मोटर म्हणतोस मला, असं बरंच काही तो बोलला. ते सगळं मी लिहीत नाही.

पास्कल तोंड पाडून परत आला. येताना सात वाजायला पाच मिनिटं होती. वाटेत त्याचं डोकं एका साध्या प्रश्नाशी येऊन थांबलं. सातला मी कुठे असतो? आल्तारासमोर. काय करत असतो? डोळे मिटून बसलेला असतो. मग सातला या घरात काय होतं, हे मी पाहिलंय कुठे?

त्या शुक्रवारी त्यानं मशीन चालू ठेवलं, स्क्रीन मिटली आणि गुडघे टेकले. डोळे मिटल्यासारखे केले, पण पुरते मिटले नाहीत. मशीनच्या पेटीवरचा बारीक हिरवा दिवा कोपऱ्यात दिसत होता. घंटा पडली. रोवेनानं टीव्हीचं बटण बंद केलं, पंख्याचं केलं. मग उजवा हात कपाळाशी नेऊन क्रूसाची खूण करता करता डावा हात बोर्डाच्या शेवटच्या बटणावर ठेवला आणि टक. हिरवा दिवा विझला. तिनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. हॉलमधला उजेड विझवायचा, एवढंच त्या हाताला माहीत होतं. स्क्रीन मिटलेला कॉम्प्युटर आत जागा असतो, हे तिला कुणी सांगितलं होतं? ज्यानं सांगायचं तो डोळे मिटून बसला होता.

पास्कलचे डोळे आता सताड उघडे राहिले. त्या दिवशी त्यानं दहाच्या जागी बारा मणी ओढले आणि उत्तर द्यायचं तिथं दोनदा गप्प बसला. आधी त्याला हसू येत होतं. तीन महिन्यांचा भुताटकीचा खेळ आणि भूत निघालं आपलीच टीचर. मग हसू गेलं. आईचा आवाज पुसणारा हात रोवेनाचा होता, आणि तोही प्रार्थना करताना. हे तिला कळलं तर ती पुन्हा कधी त्या बोर्डाजवळ सरळ मनानं जाईल का, ते त्याला सांगता येईना.

रोझरी संपल्यावर तिनं विचारलं, की काही कळलं का. पास्कल म्हणाला, "कळलं. माझीच चूक. यूपीएस काढला होता, त्यामुळे वीज कमी-जास्त झाली की मशीन पडत होतं." हे अर्धं खरं होतं. बत्तीस वर्षांत एवढं सफाईदार तो कधी बोलला नव्हता. रोवेना त्याच्याकडे बघत राहिली आणि बरं म्हणून भाकरी थापायला गेली. पास्कलनं लगेच मशीनची वायर स्वयंपाकघरातल्या बोर्डाला नेऊन जोडली.

शनिवारी प्रत पुरी झाली. मूळ डिस्क त्यानं रुमालात गुंडाळून कपाटात ठेवली आणि दुरुस्ती प्रतीवर केली, या वेळी प्रत्येक प्रश्न वाचून. मग तो लिनक्सच्या त्या कोपऱ्यात गेला जिथं मंगळवारी घाईत त्यानं बघितलंच नव्हतं. प्रत्येक डिस्कवर एक फोल्डर असतो, त्याचं नावच हरवलं-सापडलं. ज्या फाइलींचं नाव आणि पत्ता पुसला गेला, पण अंग शिल्लक आहे, त्या मशीन तिथं आणून ठेवतं. नावाच्या जागी नुसता आकडा. तिथं शेकडो आकडे पडले होते. त्यातल्या आवाज असलेल्या फाइली निवडल्या तर एकेचाळीस भरल्या.

त्यानं रोवेनाला हाक मारली आणि हा फोल्डर काय असतो ते समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तुमच्या मशीनमध्येसुद्धा संत अंतोन आहे. मग उगीच का मोठेपणा सांगता?"

पास्कलनं चष्मा पुसला आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली.

कुठल्या आकड्यात कुठलं गाणं, हे आता ऐकूनच ठरवायचं होतं. आणि ते एकाच माणसाला येत होतं. दोन वर्षं जे तिला ऐकवत नव्हतं, ते रोवेनाला रविवारपासून मंगळवारपर्यंत बसून ऐकावं लागलं. पहिलं गाणं सुरू झालं, कार्मिननं घसा खाकरला, मागे ओटीवरचा कावळा ओरडला, आणि रोवेना पदर तोंडाला लावून रडली. दुसऱ्यालाही रडली. पाचव्या-सहाव्याला तिनं वही काढली आणि शाळेतल्या अक्षरात आकड्यापुढे गाण्याचं नाव लिहू लागली. दहाव्याला ती आईच्या मागोमाग गुणगुणत होती, आणि मधेच मशीन थांबवून सांगत होती, की इथं आई चुकली, हे कडवं पुढचं आहे. पास्कल शेजारी बसून अळूची पानं साफ करत होता. त्या तीन दिवसांत तो फार सुखात होता.

एकोणचाळीस गाणी पुरी निघाली. एकात नुसती खरखर होती. आणि शर्लीचं गाणं सर्वांत शेवटी सापडलं. आजी अंगणातल्या केळीला विचारते, माझी नात कुठल्या वाटेनं गेली, मग विहिरीला विचारते, मग कुंपणाला. शेवटचं कडवं सुरू होणार, कार्मिननं श्वास घेतला, तो श्वास ऐकूसुद्धा आला, आणि तिथंच आवाज तुटला. त्याच्यापुढे काही नव्हतं. शर्लीचं नाव त्या पुढच्या भागात होतं.

पास्कलनं दोन दिवस खटपट केली. डिस्कचा कण न् कण चाळला. त्या जागेवर मंगळवारी नव्या फाइलीचं काहीतरी लिहिलं गेलं होतं, खालचं कायमचं गेलं होतं. त्यानं हात टेकले. रोवेनाला त्यानं तसं सांगितलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली.

लग्नाचा आदला दिवस आला. मांडव भरला. कॉम्प्युटर हॉलच्या खिडकीत ठेवला होता, वायर पुन्हा हॉलच्या बोर्डाला. चाळीसेक बायका, मधे शर्ली, आणि पुढे म्हणायला रोवेना टीचर. ती वीसएक गाणी आईच्या मागून शिकली होती, बाकीची मशीनमधून कार्मिन म्हणत होती. मांडव रंगात आला आणि सातची घंटा पडली. बायकांनी माळा काढल्या. रोवेना उठून हॉलमध्ये बोर्डाशी आली, डावा हात शेवटच्या बटणाकडे गेला. पण हात बटणावर जाऊन थांबला.

"तुमचं मशीन आधी नीट बंद करा," ती म्हणाली. "मी थांबते."

पास्कलनं हुकूम दिला. जुन्या मशीनला निजायला दोन मिनिटं लागतात. बाहेर चाळीस बायका माळा हातात घेऊन ताटकळत होत्या, कुणीतरी टीचर कुठे राहिली म्हणून विचारत होतं. रोवेना हळू आवाजात म्हणाली, "त्या शुक्रवारी रोझरीत तुमचे डोळे उघडे दिसले. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. तेव्हाच कळलं मला."

पास्कल म्हणाला, "यूपीएस मी काढला होता, टीचर."

"हो. आणि बटण मी दाबत होते. कन्फेशनमध्ये फादरना माझ्या वाटणीचं सांगून झालंय माझं. खोटं बोललात ते तुमचं तुम्ही सांगा." हिरवा दिवा विझला. मग तिनं बटण बंद केलं.

रोझरी झाली, लितानी झाली, मशीन पुन्हा उठलं. शेवटचं गाणं राहिलं होतं. रोवेना म्हणाली, की शर्लीचं लावा. पास्कलनं खुणेनं सांगितलं, अर्धंच आहे. ती म्हणाली, "लावा."

कार्मिनचा आवाज मांडवात आला. तिच्याबरोबर गायलेल्या बायका डोळे पुसू लागल्या. केळ झाली, विहीर झाली, कुंपण झालं. पास्कलला तो श्वास पाठ होता. तो जवळ आला तसे त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले. श्वास आला, आणि आवाज तुटला. आणि त्याच श्वासावर, त्याच सुरात, रोवेनानं शेवटचं कडवं उचललं. आवाज आईइतका मोठा नव्हता, मधे कापरा झाला, पण नाव आलं तिथं ती थांबली नाही. लेकीच्या तोंडावरून हात फिरवत तिनं शर्लीचं नाव म्हटलं, आणि मागच्या बायकांनी तेच नाव पुन्हा उचललं. पास्कल खिडकीत उभा राहून लहान मुलासारखा रडला आणि त्याला त्याची लाज वाटली नाही.

नंतर पानात डुकराच्या मटणाचं सोरपोतेल पडल्यावर जेन्सननं त्याला विचारलं, की टीचरचं कडवं रेकॉर्ड केलंस ना. फोन पास्कलच्या हातातच होता. बटण दाबायचं राहून गेलं होतं. आधीचं सगळं वाहून गेल्यावरही हा माणूस परत एकदा प्रत न काढता उभा होता. जेन्सनला हसू आवरेना. रोवेना वाढत होती, ती म्हणाली, राहू दे, मला येतंय आता. शर्ली म्हणाली, मम्मी, मलाही शिकव, उद्या सासरी जायच्या आधी. आणि हळदीच्या हातानं दोघी तिथंच बसल्या.

पास्कलनं मनात हिशेब केला. एक प्रत रोवेनाकडे झाली, दुसरी शर्लीबरोबर दुसऱ्या घरी चालली. तिसरी कुठेय? त्याच्या गळ्यात सूर म्हणून नाही, चर्चच्या गायकवृंदानं त्याला दोनदा हात जोडून घरी पाठवलेला. तरी हल्ली सकाळी केळींना पाणी घालताना तो ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणतो, नाव आलं की थांबून घसा साफ करतो आणि मग नाव घेतो. जेन्सन त्या वेळेला खिडकी लावून घेतो. संध्याकाळी सात वाजायला पाच कमी असताना पास्कल मशीन नीट बंद करतो, रोवेनाला सांगतो की झालं, आणि ती बटण बंद करते.